आठ हजार केल्विनची बाई

आजऱ्याला अक्काच्या घरी ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं की माझं बूड जाग्यावर ठरायचं नाही. हातातला चहा गार होऊन जायचा. एक पाय चपलेत, एक पाय जमिनीवर, आणि डोळा सारखा दाराबाहेरच्या गाडीवर.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच. औषधांमुळं दिवसभर गुंगीत असायची. मी दुपारी जाऊन तिच्या उशाशी बसायचे आणि तिच्या घोरण्याला हूं-हूं करत राहायचे. दिवस कलला की मात्र ही बया टक्क जागी. केस सारखे करून घ्यायची, मिश्रीची डबी मागायची, आणि दुपारपासून तिथंच बसलेल्या मला विचारायची, "काय गं, कवा आलीस?" मग जी बोलायला लागायची! आमच्या आईचा चिकटपणा, गावातल्या कुठल्या सासूनं कुठल्या सुनेला चटणीवरून उपाशी ठेवलं, लग्नानंतर वर्षभर तिचा नवरा तिच्याशी बोलायला कसा म्हशीआड लपायचा, सगळं तिला तेव्हाच आठवायचं. आणि गोष्ट रंगात आली की मला उठावं लागायचं.

कारण घरी हुकूम होता. दिवस बुडायच्या आत गाडी दारात, नाहीतर किल्ली पोराच्या खिशात.

हा हुकूम ओढवून घेतला तो एका शहाण्या बाईनं. साठी नुकतीच ओलांडलेली बाई. आज मी जिथं आहे तिथून बघितलं तर अगदीच तरणी, आणि तरणेपणी अंगात असते तेवढी सगळी मस्ती असलेली. आमचे हे गेल्यावर गाडी अंगणात धूळ खात उभी राहिली, म्हणून ती चालवायला शिकली. शिकली ती शिकली, वर पदर खोचून, काळा चष्मा लावून, हॉर्नवर तळहात टेकवून अशी बसायची की बघणाऱ्याला वाटावं घाटातला रस्ता हिच्याच बापानं बांधलाय. ती बाई म्हणजे मीच. पण तिच्याबद्दल बोलताना 'मी' म्हणायला जीभ जरा अडखळते.

तर झालं असं. ऊसतोडीचे दिवस होते. या दिवसांत आमच्याकडचे रस्ते म्हणजे कारखान्याच्या दारापर्यंत लागलेली एक रांगच. एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मावेल त्याच्या दीडपट ऊस, आणि मागं दिवा नाही. लाल चमकणारा कागद चिकटवलेला असला तरी तो लोंबणाऱ्या पाचटाखाली झाकलेला. अशीच एक ट्रॉली टायर फुटून अंधारात उभी होती. अक्काकडून परतणाऱ्या आमच्या बाईंना ती दिसली तेव्हा उसाची टोकं काचेला टेकायला आली होती. तिनं ब्रेकवर दोन्ही पाय दिले. गाडी थांबली, आणि ट्रॉलीतनं दोन कांड्या सुटून बॉनेटवर येऊन पडल्या.

हे कुणाला सांगायचं असतं का? पण त्या शहाणीनं त्या कांड्या घरी आणल्या, सोलल्या, आणि खाता खाता सगळी हकिकत चवीनं सांगितली.

पोरगा शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. दिवसभर वितळलेल्या लोखंडापाशी उभा राहणारा माणूस, पण आईचा फोन लागला नाही की पांढराफटक पडतो. त्यानं हातातली कांडी खाली ठेवली.

"आये, तुला अंधारात दिसत न्हाय."

"मला? दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदू काढून झाल्यात. तुझ्या शर्टावरचा आमटीचा डाग दिसतोय मला हितनं."

"डाग उजेडात हाय. ट्रॉली अंधारात हुती."

"मग गाडीचं दिवं मंद हाईत. माझ्या डोळ्यांना काय धाड झालीया?"

त्यानं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं दृष्टी उत्तम आहे. 'वयाच्या मानानं' एवढंच त्यानं ऐकलं, 'उत्तम' एवढंच मी. घरी येऊन हुकूम सुटला तो सुटलाच.

सगळे म्हणायचे, मग अक्काकडं मुक्काम करत जा. केला की. पण परक्या छताखाली मला झोप लागत नाही. या कुशीवरून त्या कुशीवर, उठून पाणी पी, दाराची कडी बघ, कुत्रं का भुंकतंय ते बघ. सकाळी अक्काच हात जोडून म्हणाली, "जा बाई आपल्या घरला. तुझ्या चुळबुळीनं माझं बसलेलं हाड पुन्ना मोडंल."

म्हणजे राहिला एकच मार्ग, दिवे. आमच्या बाईंनी काळा चष्मा चढवला आणि गाड्यांच्या दिव्यांचं दुकान गाठलं.

"बोला मावशी," दुकानदार म्हणाला.

"उजेड पायजे. चांगला ढणढणीत."

"किती केल्विनचा?"

केल्विन हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पण माहीत नाही असं म्हणायची तिला सवय नव्हती.

"तुमच्याकडं किती हाईत?"

"तीन हजार, चार हजार तीनशे, सा हजार, आठ हजार."

"आठ द्या."

"घ्या की! भारी दिसतंय. कॉलेजची पोरं हेच नेत्यात."

झालं. कॉलेजची पोरं नेतात म्हटल्यावर ती बाई हवेतच. तीन किलो साखरेपेक्षा आठ किलो साखर जास्त, तसा तीन हजारांपेक्षा आठ हजारांचा उजेड जास्त, एवढं साधं गणित. हा आकडा रंगाचा असतो, उजेडाचा नव्हे, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तीन हजार म्हणजे कंदिलाचा पिवळा. जसजसा आकडा चढतो तसतसा रंग पांढरा होत जातो, सहा हजाराला दवाखान्यातल्या ट्यूबसारखा, आणि आठ हजाराला निळसर, थेट माशांच्या काचपेटीसारखा. डोळ्यांना लखलखीत वाटतो म्हणून दिसतं जास्त, असं काही नाही. उलट रस्ता ओला असला तर तो रंग डांबरातच विरून जातो. हे सगळं मी आज पंडितासारखी सांगतेय. तेव्हा कुणी सांगायला आलं असतं तर त्याला हॉर्न वाजवून बाजूला केलं असतं.

घरी येऊन दिवे लावले तर समोरच्या घराची भिंत अशी उजळली की तिच्यावरच्या पाली पळाल्या. शेजारीपाजारी बाहेर आले. सून म्हणाली, "आत्ती, मंगल कार्यालयाचं दार उघडल्यासारखं दिसतंय की." आमच्या बाईंना ती स्तुतीच वाटली.

दिवे नवे म्हणजे हुकूम रद्द, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. पुढच्या खेपेला अक्काकडं अंधार पडेपर्यंत बसली. गोष्टी झाल्या, हसून हसून अक्काला उचकी लागली. मग निघाली. समोरून येणारी प्रत्येक गाडी तिला बघून दिवे वरखाली करत होती. बाईंना वाटलं, मानाची सलामी देताहेत. तिनंही दोघाचौघांना हात केला. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर ट्रॅक्टर थांबवून मान बाहेर काढली.

"ओ मावशी! डोळं फुटलं की आमचं! डिपर मारा की, डिपर!"

"डिपरच हाय, पावणं!"

"मग अपर मारला तर आमी थेट वरच जाऊ की!"

उत्तूरच्या अलीकडं धुकं लागलं. आणि तिथं त्या आठ हजार केल्विननं आपली जात दाखवली. उजेड धुक्यात शिरला आणि तसाच माघारी फिरून माझ्याच तोंडावर आला. समोर रस्ता नाही, झाड नाही, कुणीतरी आडवं धोतर वाळत घातल्यासारखा नुसता पांढरा पडदा. ओरडायला लागले तर ऐकायला कोण! डोक्यावर चढवून ठेवलेला काळा चष्मा मागच्या सीटवर भिरकावला, काच खाली केली, आणि डोकं बाहेर काढून साइडपट्टीचा पांढरा पट्टा बघत बैलगाडीच्या चालीनं चालले. पुढं एक एसटी सापडली. तिच्या मागच्या लाल दिव्यांना मी अशी चिकटले की वासरू काय चिकटेल. ती थांब्यावर थांबली की मीही थांबायचे. कंडक्टरनं दोनदा खाली उतरून बघितलं.

घरी पोचले तेव्हा पोरगा फाटकात उभा. नुसता हात पुढं केला. मी त्यात किल्ली ठेवली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. डबे पुसले, पुन्हा पुसले, लोणच्याच्या बरण्यांची जागा बदलली आणि परत होती तिथं आणली. गाडीभोवती फेऱ्या मारायचे. एसटीनं आजऱ्याला गेले, पण उजेडात घरी पोचवणारी गाडी अक्का जागी व्हायच्या आतच सुटायची. म्हणजे इतकं अंतर जाऊन घोरणं ऐकून यायचं. फोनवर अक्का म्हणायची, "येऊ नगंस जा. मी बी कुठं जात न्हाय." आणि फोन ठेवायची नाही.

अमावास्या आली. आमच्याकडं अमावास्येला गाडीची पूजा करतात. गाडी धुवायची, लिंबू ठेवायचं, नारळ ओवाळायचा, हळदीकुंकू लावायचं. गाडी जाग्यावर उभी असली म्हणून काय झालं? पूजा चुकवायची नाही. बॉनेटला लोक लावतातच, पण मी आधी दोन्ही दिव्यांना लावायचे. का, तर दिवे म्हणजे गाडीचे डोळे. तेलात कालवलेलं कुंकू, चांगलं पाचही बोटांनी. आणि दुसऱ्या दिवशी ते ओघळलेलं कुंकू डोळ्याला बरं दिसत नाही म्हणून काथ्या, राख आणि चिंच घेऊन खसाखसा घासायचं. समया, तांब्या, निरांजन आणि गाडीचे दिवे, सगळ्यांना एकच काथ्या. गाडी घरात आल्यापासून दर अमावास्येचा नेम.

तशी घासत बसले होते. सून दारात भाजी निवडत होती. ती थोडा वेळ बघत राहिली.

"आत्ती, त्यो गाडीचा दिवा हाय. समई न्हवं."

"दिवाच की! मग घासायला नगो?"

"माझा चष्मा घासाल व्हय असा राखेनं?"

माझा हात थांबला. भाजी टाकून ती जवळ आली, आणि आम्ही दोघी त्या दिव्यासमोर उकिडव्या बसलो. वरच्या कोपऱ्यात, बॉनेटच्या कडेखाली जिथं काथ्या पोचत नव्हता, तिथं एक बोटभर जागा आरपार स्वच्छ होती. आतला बल्ब, त्याच्या मागची चकचकीत वाटी, सगळं दिसत होतं. बाकीचा दिवा ताकासारखा. हात फिरवला तर खरखरीत. काच कसली, प्लॅस्टिकच ते. मी त्याला पितळ समजून वर्षानुवर्षं लख्ख करत आले होते.

म्हणजे पहिला बल्बही चांगलाच होता. बिचारा आतनं ओरडत होता, आणि मीच बाहेरनं त्याच्या तोंडावर फडकं धरलं होतं. मग आठ हजारवाला आणला तर तो त्या फडक्यातनं चहूकडं फाकला. निम्मा रस्त्याकडं, निम्मा लोकांच्या डोळ्यांत.

सुनेच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"हस. हसून घे एकदा."

ती जी हसली ती तिथंच जमिनीवर बसली. "ह्यांस्नी सांगू?"

"सांगशील तर ही समई तुझ्या डोक्यात घालीन."

दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून तिनं नवऱ्याकडनं किल्ली घेतली. ती चालवायला, मी शेजारी, आणि मागच्या सीटवर शेजारच्या मळ्यातनं मागून आणलेली उसाची एक मोळी, पाचटासकट, वर एक गोणपाट. मुद्दाम दिवेलागणीची वेळ धरली होती.

दुकानदार मोळी बघून म्हणाला, "हे काय मावशी, रसवंती काढायची काय?"

"आधी दिवं बदला, मग रस पाजते."

दिव्यांची नवी जोडी बसली. मग मी ती मोळी गल्लीच्या पार टोकाला, दिव्याच्या खांबापासून लांब, काळोखात नेऊन ठेवली आणि गोणपाट तिच्यावर अर्धं टाकलं. मला रस्त्यात काय दिसायला हवं होतं? उसाच्या ट्रॉलीची मागची बाजू. मग बल्ब निवडायचा तो तिच्यावरच पारखून. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "काय, करणी-बिरणी हाय काय?" सून तोंडाला पदर लावून गाडीत बसली.

आठ हजार लावला. मोळी राखेची झाली. डांबर कुठलं आणि पाचट कुठलं, पत्ता लागेना. सहा हजारानं ऊस दिसला, पण रंगच उडालेला. तीन हजारानं पाचट सोन्यासारखं झळकलं, पण भिंत, खांब, मांजर सगळ्यांनाच हळद लागली, आणि वेगळं काय ते उठून दिसेना. मग चार हजार तीनशेवाला लावला. पाचट पाचटासारखं दिसलं, गोणपाट गोणपाटासारखं. किंचित पिवळसर, दुपार उतरल्यावरच्या उन्हासारखा उजेड.

"ह्योच."

"पोरं हे नेत न्हाईत मावशी."

"पोरास्नी कुठं ट्रॉल्या दिसत्यात?"

त्यानं गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्यांची नजर खाली आणि जरा डावीकडं वळवून दिली. नव्या नवरीसारखे दोन्ही दिवे मान घालून उभे राहिले. समोरच्याच्या डोळ्यांत आता काही जाणार नव्हतं.

राहिला पोरगा. त्याच्याजवळ दिव्यांचा विषय काढला की तो उठून जायचा. शेवटी मी जेवताना त्याच्या ताटासमोर ठाण मांडून बसले.

"चल माझ्यासंगट. एकदाच. अक्काकडं जाऊ, अंधार पडल्यावर येऊ. मी चालवणार. न्हाय पटलं तर किल्ली चुलीत घाल."

"आपल्याकडं चूल कुठं हाय?"

"मग गॅसवर ठेव."

सुट्टीच्या दिवशी गेलो. अक्का घोरत होती. तो मोबाइलमध्ये, मी चपलेत. ऊन उतरलं आणि अक्का जागी झाली. भाच्याला बघून तिला इतका आनंद झाला की तिनं मिश्रीसुद्धा मागितली नाही. तो मात्र दर घटकेला बाहेर बघून म्हणायचा, "निघूया? अजून उजेड हाय."

"बस की रं मुडद्या," अक्का म्हणाली. "आत्ता तर माझं तांबडं फुटलंय. तुला तुझ्या आयेची एक गोष्ट सांगती."

मी डोळ्यांनी खुणावत होते, पण ती कुठली ऐकतेय! "ही शाळंत असताना भाड्याची सायकल आणली हिनं. मला मागं बसवलं. उतार लागला तशी घाबरली आणि डोळंच मिटलं की हिनं! आणि मला वरडून म्हणती, अक्का, तू बघून सांग डावीकडं का उजवीकडं! गेलो की दोघी ओढ्यात!"

पोरानं सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. आज परीक्षा, आणि आजच हिला सायकल आठवावी! त्या परकरातल्या पोरीला मी मनातल्या मनात दोन थोबाडीत दिल्या. साठीतली शहाणी काय आकाशातनं पडली होती? ओढ्यातनंच वर आली होती.

निघालो तेव्हा चांगला अंधार पडला होता. पोरगा शेजारी बसला, पट्टा दोनदा ओढून बघितला, एका हातानं वरचं हँडल धरलं. गावाबाहेर पडतोय तोच म्हणाला, "हळू." पुढं म्हणाला, "वळण हाय." मी म्हटलं, "ते तुझ्या जन्माआधीपासनं हाय." त्याचा पाय सारखा खालची फळी दाबत होता. तिथं ब्रेक असता तर आम्ही आजऱ्याच्या वेशीतच राहिलो असतो. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. धुकं पातळ होतं. उजेड त्याच्याखालनं रस्त्याला चिकटून सरकत होता. समोरून येणारं कुणीही सलामी देत नव्हतं.

मग लांबवर पिवळं काहीतरी दिसलं. डोळे मिटून घ्यावेत असं एक क्षण मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू.

"ट्रॉली हाय," मी म्हटलं. "उभी हाय. एका बाजूला कलंडलीया."

"कुठं?"

"ती काय. पाचट हलतंय बघ."

तो पुढं वाकला, काच पुसली, डोळे बारीक केले. मी वेग कमी केला, बाजूनं गाडी काढली. जाताना चाकाला लावलेले दगडसुद्धा दिसले. ट्रॉलीखालनं एक माणूस बाहेर आला आणि त्यानं आम्हाला नुसता हात केला. पोरगा मागं वळून ती ट्रॉली अंधारात दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग पुढं तोंड करून बसला. मी वाट बघत होते, आता हळू म्हणेल, आता वळण म्हणेल. आणखी दोन ट्रॉल्या गेल्या, एक बैलगाडी गेली. तरी हळू नाही की वळण नाही. निपाणीला हायवेला लागलो तेव्हा मी हळूच बाजूला बघितलं.

तोंड उघडं टाकून तो झोपला होता. हँडलवरचा हात मांडीवर पडलेला, मान माझ्या खांद्याकडं कललेली, आणि घोरणं थेट त्याच्या मावशीचं.

कागल गेलं, उजळाईवाडी गेलं. गल्लीत गाडी थांबवली तेव्हा तो दचकून जागा झाला.

"कुठवर आलो?"

"दारात."

"ट्रॉल्या न्हाई लागल्या?"

"लागल्या की."

तो मान चोळत उतरला, दार आपटलं, "उशी ठेवत जा गाडीत," असं काहीतरी पुटपुटत आत गेला. सून दारातनं माझ्याकडं बघत होती. मी खांदे उडवले. किल्ली गाडीलाच होती. ती काढायची की राहू द्यायची हे मला कळेना, म्हणून मी तिथंच बसून राहिले.

पुढच्या खेपेला मी निघाले तेव्हा तो चहा पीत होता. किल्लीचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही काढला नाही. कपातनं तोंड वर न काढता त्यानं विचारलं, "रातचं जेवण तिकडंच करणार, का हितं झाकून ठेवायचं?"

"तिकडंच," मी म्हटलं, आणि त्याचं मन बदलायच्या आत गाडी गल्लीबाहेर काढली.